मॉडेल ए चासीसाठी शेवरलेट ३५० चे माउंट किट

फोर्ड मॉडेल ए च्या (१९२८-३१) चासीत शेवरलेट ३५० व्ही-८ इंजिन बसवायला हे वेल्डिंगचे साइड-माउंट किट (इंजिन दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रॅकेट) भक्कम आहे. खरी अडचण जागेची. या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) मागे असतो, तो फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) भिडतो. इंजिन पुढे सरकवावे तर पंखा रेडिएटरला लागतो. आखूड वॉटर पंप घ्या, पंख्यापुढे इंचभर मोकळे ठेवा. तरीही जमले नाही तर फायरवॉल कापून आत घ्यावीच लागते. इंजिनाची मागची बाजू साधारण ३ अंश खाली हवी. ब्रॅकेट आधी फक्त टॅक करा, म्हणजे ठिपक्यांनी तात्पुरते वेल्ड करा. स्टिअरिंग, एक्झॉस्ट, स्टार्टर लावून पाहिल्यावरच पूर्ण वेल्ड. किटमध्ये अर्थची पट्टी (इंजिन आणि चासी विजेने जोडणारी) नाही, ही मोठी उणीव! माउंटमधल्या रबरामुळे इंजिन विजेच्या दृष्टीने चासीपासून वेगळे पडते आणि स्टार्टरचा करंट थ्रॉटल केबलमधून वाट काढून ती जाळतो.