संस्थेची पन्नाशी: एक दिवसाचा मोठा सोहळा की वर्षभर छोटे कार्यक्रम?

सध्या पुण्यातल्या दोन-तीन विज्ञान मंडळांत हीच चर्चा चालू आहे आणि फोन मला येतायत, कारण आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात दोन्ही करून झालंय. रौप्यमहोत्सव एका दिवसात उरकला, सुवर्णमहोत्सव वर्षभर चालवला. मी दोन्हीकडे धावपळ करणाऱ्यांत होतो, तेव्हा जे दिसलं ते सांगतो, तुमचं गणित वेगळं असू शकेल.

मोठ्या दिवसाची ताकद मोठीच असते. जुने सभासद, जे एरवी वर्षानुवर्षं भेटत नाहीत, ते त्या दिवशी नातवंडांना घेऊन येतात. स्मरणिकेला जाहिराती पटापट मिळतात, कारण प्रायोजकाला एक तारीख, एक बॅनर आणि एक व्यासपीठ दिसत असतं. तीन महिने कष्ट करा आणि मोकळे व्हा.

पण मला जे खुपलं ते सत्कारांचं. पुण्यात नाट्यगृह सत्राच्या हिशोबाने मिळतं, पुढच्या सत्राला नाटक असलं की वेळेत रिकामं करावंच लागतं. आमचं दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, मग देणगीदार, माजी अध्यक्ष, जागा देणारे, असे सत्कार लांबत गेले, कोणालाच वगळता येईना, आणि प्रमुख वक्ते म्हणून आलेल्या ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञांच्या पाऊण तासाच्या भाषणाला उरली बारा मिनिटं. विंगेत नाटकाचा सेट घेऊन माणसं उभी. सरांनी प्रोजेक्टरवर दाखवायच्या ट्रान्सपरन्सी, म्हणजे चित्रं छापलेल्या पारदर्शक फिल्म, परत फोल्डरमध्ये ठेवल्या, एका शब्दाने तक्रार केली नाही. नंतर बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक शाळकरी मुलगी वही घेऊन त्यांच्यापाशी गेली तर त्यांनी एक ट्रान्सपरन्सी काढून ट्यूबलाइटसमोर धरली आणि तिला दीर्घिकेचे, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाचे, सर्पिल हात दाखवले, आम्ही सातआठ जण मागे उभे राहून ऐकत होतो. आमच्या रौप्यमहोत्सवातलं खरं विज्ञान तेवढंच झालं. मला ते आजही लागतं.

म्हणून सुवर्णमहोत्सवाला वर्षभर, महिन्याला एक कार्यक्रम. वक्त्याला पूर्ण दीड तास, प्रश्नांना वेगळा वेळ, सत्कार म्हणजे एक पुस्तक आणि नमस्कार. शाळेचा हॉल, वाचनालय, कोणाच्या तरी सोसायटीची गच्ची, जागेचा खर्च जवळजवळ नाहीच. सगळ्यात रंगला तो मे महिन्यातला शून्य सावलीचा कार्यक्रम. पुणे साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे 13-14 मेच्या सुमाराला दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली क्षणभर नाहीशी होते, उभा ठेवलेला पाइपचा तुकडा आणि जमिनीवरचा पांढरा कागद एवढ्या भांडवलावर पन्नासेक लोक टाळ्या वाजवत होते. शाळांना सुट्टी म्हणून आम्ही सोसायट्यांमध्ये केला, तेच बरं झालं, आजीआजोबाही खाली आले. जुलैअखेरीलाही सावली अशीच जाते पण तेव्हा आपल्याकडे ढग, त्यावर विसंबू नका.

वर्षभराचा त्रासही आहे, लपवत नाही. पाचव्या महिन्यात कार्यकर्ते थकतात, पावसाळ्यात आणि गणपतीत उपस्थिती घसरते, मार्चमध्ये परीक्षा. आम्ही चूक केली ती जूनमध्ये सुरुवात करायची. आकाश दाखवायचं असेल तर दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे निरीक्षणाचे चांगले महिने उत्साह ताजा असतानाच मिळतात. आणि 28 फेब्रुवारी टाळा. विज्ञान दिनाला आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत आणि खोडदच्या जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी लोकांची रीघ असते, आपल्याकडे कोण येणार? उलट त्या दिवशी आपल्याच सभासदांना 45 मीटर व्यासाच्या त्या अँटेना बघायला घेऊन जा, तोच महिन्याचा कार्यक्रम.

लंडनची रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी 1820 मध्ये चौदा जणांच्या एका जेवणातून सुरू झाली. 2020 च्या द्विशताब्दीसाठी त्यांनी काही वर्षं आधीच दहा लाख पौंड बाजूला काढून खगोलशास्त्र गर्ल गाइड्सपर्यंत, वेल्समधल्या भाषिक-सांस्कृतिक मेळ्यांपर्यंत नेलं. आपल्याकडे एवढे पैसे नाहीत हे मान्य, पण लोकांकडे आपण जायचं ही कल्पना फुकट आहे.

तरीही तुमचे बहुतेक सभासद सत्तरीपुढचे असतील, धावपळीला चारपाचच जण असतील, तर एक दिवसच करा, खरंच. त्यांची एकमेकांशी भेट होणं हेही मोलाचं आहे. आम्हीही शेवटच्या महिन्यात एक साधं स्नेहसंमेलन ठेवलं होतं, त्याला सगळ्यात जास्त माणसं आली. फक्त एवढं करा, वक्त्याचं भाषण पहिलं ठेवा आणि सत्कार त्यानंतर, आणि ही गोष्ट कार्यकारिणीच्या बैठकीत लेखी मंजूर करून घ्या, कारण आयत्या वेळी व्यासपीठावर कोणालाच नाही म्हणता येत नाही.