ओलसर डब्याचे आठ महिने आणि ठकूची कात

ठकू म्हणजे आमची बॉल पायथन, अजगराच्या कुळातली छोटी सापीण. आम्ही अमेरिकेत मिनिआपोलिसला राहतो. जानेवारीत बाहेर उणे वीस आणि घरात दिवसरात्र हीटर, त्यामुळे हवा पापड वाळवावेत इतकी कोरडी. आमच्याकडची तिची पहिलीच कात चिंध्या होऊन निघाली. शेपटीच्या टोकाला घट्ट कडं राहिलं, आणि उजव्या डोळ्यावर जुना पापुद्रा. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघावा लागतो. मी चिमटा घेऊन बसलोच होतो, पण व्हेटने फोनवरच झापलं. ओढताना खालचा नवा खवला दुखावला तर डोळाच जायचा. शेपटीचं कडं मात्र ठेवून चालत नाही, रक्त अडून टोक सडतं. कोमट ओल्या टॉवेलच्या घड्यांतून तिला अर्धा तास सरपटू दिलं तेव्हा ते सुटलं. डोळ्यावरचा पापुद्रा पुढच्या कातेबरोबर गेला.

पहिली कात फसली त्याच आठवड्यात हा डबा मागवला, कातेच्या वेळी तिला ओलीत बसता यावं म्हणून. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, बाजूला भोक, सोबत स्फॅग्नम मॉसची (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाची) पिशवी. मॉस भिजवून घट्ट पिळायचं, हातात ओल लागावी पण पाणी ठिबकू नये. डबा तिच्या पेटीत उबदार बाजूला ठेवायचा.

त्यानंतरच्या पाच कातींपैकी चार अखंड निघाल्या, नाकापासून शेपटीपर्यंत, मोजा उलटा काढावा तशा. कात ताणली जाते, म्हणून सापापेक्षा लांब भरते. पहिल्यांदा मोजली तेव्हा मी उगाच खूश झालो होतो. आता आधी डोळ्यांचे दोन खवले आणि शेपटीचं टोक कातेत आहे का ते बघतो.

जूनमधली फसली ती माझ्या चुकीने. जुन्या-नव्या कातडीमध्ये द्रव साठतो तेव्हा डोळे दुधाळ होतात, आजीच्या मोतीबिंदूसारखे. मग ते पुन्हा स्वच्छ होतात, आणि कात निघते त्यानंतर काही दिवसांनी. डोळे निवळले म्हणजे काम झालं असं समजून मी मॉस वाळू दिलं. नेमकी तेव्हाच ओल हवी असते. डोळे दुधाळ असताना तिला हातात घेत नाही, उंदीरही देत नाही. दिसत धड नसतं, त्यात चिडचिड.

डब्यासोबत आलेला काट्याचा आर्द्रतामापक मात्र भंगारात टाका. तो ५० दाखवत होता तेव्हा डिजिटल मापक २४ टक्के सांगत होता. नुसत्या डब्यानेही भागलं नाही. पेटीच्या जाळीच्या झाकणाचा बराचसा भाग फॉइलने झाकला (दिव्याखालची जागा सोडून), तेव्हा कुठे पेटीत ६० टक्के टिकायला लागले. मॉसला तीनेक आठवड्यांत बुरशीचा वास येतो, तेव्हा सरळ बदलायचं. आत एक खरबरीत लाकूडही ठेवलंय, ती नाक त्यावरच घासून सुरुवात करते.

साताऱ्याच्या भाच्याने फोटो बघून विचारलं, मीपण धामण पाळू का? नाही रे बाबा. आपल्याकडचे साप १९७२च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, घरात ठेवता येत नाहीत.

डबा पुन्हा विकत घेईन का? नाही. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला भोक पाडून कडा घासून घेतल्या की तेच काम होतं. मॉस तेवढं चांगलं घ्या. पाचातले साडेतीन तारे, अर्धा मापकाने घालवला.