एकच कीबोर्ड, फोनवर आणि टॅबवर: वकिलीच्या कामात काही महिने वापरल्यावर

निकाल आधी सांगतो, कारणमीमांसा वाचायची की नाही ते तुम्ही ठरवा. शब्द सुचवणारा कीबोर्ड फोनवर ठेवा, टॅबवरही ठेवा, पण दोघांनी शिकलेले शब्द एकमेकांत मिसळू देऊ नका. म्हणजे सिंक बंद. मसुदे टॅबवर लिहा, पक्षकाराशी बोलणं फोनवर करा. दोन्हींपैकी एकाचाच खर्च झेपत असेल आणि रोज पानभर मराठी लिहायचं असेल, तर टॅब घ्या. नुसते निरोप धाडायचे असतील तर टॅबच्या वाटेला जाऊ नका.

मी कोल्हापुरात दिवाणी बाजूची वकिली करतो. सातबारा, फेरफार, वाटपाचे दावे, बांधावरची भांडणं. बहुतेक दिवस कसबा बावड्याला जिल्हा न्यायालयात जातात आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून अधूनमधून भाऊसिंगजी रोडला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीतही जावं लागतं. खालच्या न्यायालयात कामकाज मराठीत, बेंचपुढे इंग्रजीत. त्यामुळे कीबोर्डाला दोन्ही भाषा नीट यायला हव्यात, ही माझी पहिली अट होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. बाजारातल्या दोन-तीन मोठ्या कीबोर्डांना हे बहुतेक सगळं लागू पडतं, आणि कोणाची जाहिरात किंवा बदनामी करण्यात मला रस नाही.

फोनचं वेगळं आणि टॅबचं वेगळं असं निवडण्याचा प्रश्न एकेकाळी खरोखर पैशाचा होता. स्विफ्टकी या कीबोर्डाने २०११ मध्ये टॅबसाठी स्वतंत्र ॲप काढलं होतं, ते फोनच्या ॲपपेक्षा वेगळं विकत घ्यावं लागायचं. २०१३ मध्ये दोन्ही एकत्र झाली, २०१४ मध्ये ॲप फुकट झालं आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनीच घेतली. आज जवळपास सगळे कीबोर्ड असेच: ॲप एक, स्क्रीन बघून मांडणी बदलतं. म्हणून लोकांना वाटतं आता निवडायचं काही उरलं नाही. मलाही ज्युनिअर मंडळी तेच सांगत होती, "सर, ॲप सेम आहे, कुठंही टाका." ॲप सेम आहे हे खरं. पण ते शिकतं तुमच्याकडून, आणि मी फोनवर वेगळा बोलतो, टॅबवर वेगळा लिहितो.

शब्द सुचवणं म्हणजे ढोबळमानाने एवढंच, की मागचे काही शब्द बघून पुढे कोणता यायची शक्यता जास्त आहे हे ॲप ताडतं. सुरुवातीला ते कंपनीने पुरवलेल्या सर्वसाधारण मराठीवर चालतं, मग तुमचं लिखाण बघून वळण घेतं. टॅबवर मी मसुदे लिहायला लागलो आणि महिन्या-दीड महिन्यात कीबोर्डावरच्या सुचवण्यांच्या पट्टीला कोर्टाची भाषा चढली. 'सदर' लिहिलं की 'मिळकतीचे'. चतुःसीमा, म्हणजे मिळकतीच्या चारी बाजूंच्या हद्दी, लिहिताना 'पूर्वेस' टाकायचा अवकाश, 'पश्चिमेस' आणि 'दक्षिणेस' रांगेत उभे. 'करणेत यावे', 'मिळणेबाबत', 'येणेप्रमाणे' ही रूपं कुठल्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात बसत नाहीत. सुरुवातीला ॲप त्यांच्याखाली लाल रेघ ओढायचं, आता निमूटपणे स्वतःच पुढे करतं. दाव्याच्या अर्जात ठरावीक वाक्यं इतकी असतात, की पानाचा बराचसा भाग नुसतं पट्टीवर बोट ठेवत उतरतो. इथे टॅबने माझं मन जिंकलं.

फोनवरची कथा निराळी. पक्षकार व्हॉट्सॲपवर लिहितात ते आपल्या बोलीत, आणि मी उत्तर देतो तेही तसंच. 'या की उद्या', 'कागदं घिऊन आलासा का', 'तारीख पडली न्हवं'. फोनच्या कीबोर्डाने हे सगळं विनातक्रार आत्मसात केलं. 'आलासा' लिहिलं की 'का' हजर. छापील मराठीवर पोसलेलं ॲप करवीर तालुक्याची बोली इतक्या लवकर उचलेल असं मला वाटलं नव्हतं. याबाबतीत नाद नाही करायचा.

पहिले काही आठवडे सिंक चालू ठेवून पाहिलं. परिणाम म्हणजे तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच वाटीत ओतल्यासारखा, दोन्हींची चव गेली. घरी 'आज जेवायला' लिहायला घेतलं तर पट्टीत 'हजर', 'राहणेचे', 'आदेश'. आणि तिकडे कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, 'प्रतिवादी यांनी' लिहिल्यावर 'आलासा'. हसून सोडून देण्यासारखं आहे, पण दर तिसऱ्या शब्दाला पट्टी चुकीचं सुचवायला लागली की डोळे पट्टीकडे जाणंच बंद होतं. मग हा कीबोर्ड आणि साधा कीबोर्ड यात फरक राहत नाही. सिंक बंद केला, दोन्हीकडचे शिकलेले शब्द पुसले आणि पाटी कोरी करून पुन्हा सुरुवात केली.

सिंकच्या बाबतीत आमच्या धंद्यात दुसरं, जास्त गंभीर कारण आहे. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड स्वतःच इशारा देतं, की हे ॲप तुम्ही लिहिलेला सगळा मजकूर गोळा करू शकतं. आपण तो न वाचता 'ठीक आहे' दाबतो. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेर काढायची नाही, हे भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये आहे, आणि कलम नसतं तरी ते पाळावंच लागलं असतं. आता हीच नावं, गट नंबर, कोणी कोणाला किती पैसे दिले ही वाक्यं कीबोर्डाने शिकून कुठल्याशा सर्व्हरवर ठेवायची का? जुलै २०१६ मध्ये स्विफ्टकीच्या सिंकमध्ये गडबड होऊन काही जणांना अनोळखी लोकांचे ईमेल पत्ते सुचायला लागले होते, आणि कंपनीला ती सेवा काही काळ थांबवावी लागली होती. गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलेली पद्धत यापेक्षा बरी वाटते: शिकणं फोनमध्येच होतं, मजकूर बाहेर जात नाही, शिकण्यातून झालेला बदल तेवढा पाठवला जातो. तरीही माझा नियम साधा आहे. नाजूक प्रकरण असेल तेव्हा कीबोर्डाचा गुप्त मोड चालू करतो, म्हणजे त्या वेळचं तो शिकत नाही. सोय थोडी जाते, जाऊ दे.

आता हाताचं बोलू. फोनवर अंगठे चालतात आणि पट्टी अंगठ्याच्या अगदी जवळ असते, त्यामुळे सुचवलेला शब्द उचलणं सहज होतं. टॅब उभा धरला की अंगठे मधल्या अक्षरांपर्यंत पोचत नाहीत. आडवा धरला की कीबोर्ड अर्धा पडदा खातो आणि वर मसुद्याच्या चार ओळी दिसतात. दुभागलेला कीबोर्ड म्हणून एक सोय आहे, अर्धी अक्षरं डावीकडे, अर्धी उजवीकडे. इंग्रजीत ती उत्तम. देवनागरीत अक्षरं जास्त, त्यामुळे बटणं बारीक होतात आणि 'घ'च्या जागी 'ध' पडतो. बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत लिहायची सोयही टॅबवर निरुपयोगी आहे. फोनवर अंगठा इंचभर सरकतो, टॅबवर अख्खा हात फिरवावा लागतो.

माझी गाडी शेवटी रुळावर आली ती तरंगत्या कीबोर्डाने. टॅबवर कीबोर्ड फोनएवढा लहान करून उजव्या कोपऱ्यात ठेवता येतो. डाव्या अर्ध्या पडद्यावर सातबारा उघडा, उजवीकडे मसुदा, आणि कोपऱ्यात हा छोटा कीबोर्ड. नावं, क्षेत्र, आकार बघत बघत उतरवता येतं, मान वर-खाली करावी लागत नाही. ही मांडणी फोनवर होणं शक्य नाही. टॅब घ्यायचं खरं कारण मला विचाराल तर हेच, मोठी बटणं नव्हेत.

ब्लूटूथ कीबोर्ड जोडून पाहिला. वेग वाढला, पण माझ्या टॅबवर तो जोडला की सुचवण्यांची पट्टीच गायब होते. मग संगणक काय वाईट होता?

आपोआप शब्द बदलणं मात्र दोन्हीकडे पहिल्या दिवशी बंद करा. सुचवणं वेगळं आणि न विचारता बदलणं वेगळं. आपल्याकडे 'पोवार' आडनावाची घरं गल्लोगल्ली आहेत आणि कीबोर्डाला ठाऊक 'पवार'. एक म्हातारे पक्षकार शेजारी बसून पडद्याकडे बघत होते, शब्द बदलताना त्यांनी जागीच हात धरला. "साहेब, आमी पोवार हाय. पवार तिकडं पुण्याकडं." वाटपाच्या दाव्यात एक काना-मात्रा इकडची तिकडे झाली तर दुरुस्ती अर्ज, मग तारीख, मग पुन्हा तारीख. 'कळंबा' आणि 'कळंबे', 'वडणगे' आणि 'वडगाव' यांतही ॲपची हीच खोड. गावांची आणि आडनावांची यादी मी वैयक्तिक शब्दकोशात हाताने भरली. अर्ध्या तासाचं काम आहे, आळस करू नका.

घोडं पेंड खातं ते विभक्ती प्रत्ययांपाशी. ही ॲपं इंग्रजीच्या सवयीने बांधलेली: शब्द उचलला की मागे आपोआप जागा सोडतात. मराठीत शब्द तिथे संपतच नाही. 'न्यायालय' उचललं आणि मला 'न्यायालयाने' हवं असेल, तर आधी ती जागा खोडा, मग 'ा' लावा, मग 'ने'. 'दावा'चं 'दाव्यातील' करायचं तर मूळ शब्दच मोडावा लागतो. यावर उपाय एवढाच, की जी रूपं रोज लागतात ती पूर्ण लिहायची, म्हणजे ॲप प्रत्येक रूप स्वतंत्र शब्द म्हणून शिकतं. 'वादीने', 'वादीच्या', 'वादीकडून', 'वादीतर्फे'. टॅबवर मी लांब लिहितो म्हणून ही रूपं तिथे लवकर मुरली. फोनवर अजून रखडतं, कारण निरोपात 'वादीतर्फे' कोण लिहितो?

'शेतकऱ्यांच्या' हा शब्द माझ्या कामात दर पानावर येतो. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायच्या पद्धतीत पट्टीत बरेचदा पहिला येतो तो चुकीचा, 'य'वर रफार दिलेला. घाईत तोच उचलला जातो. देवनागरी मांडणीत 'ऱ' वेगळा मिळतो, तो, हलन्त आणि 'य' लिहिलं की प्रश्न मिटतो, पण फोनवर तो 'ऱ' दाबून धरल्याशिवाय दिसत नाही, टॅबवर समोर असतो. 'ॲ'चं दुखणं आणखी चोरटं. एक 'ॲ' युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे, दुसरा 'अ'वर चंद्र देऊन बनतो. डोळ्यांना दोन्ही सारखे. पण एकाने लिहिलेलं 'ॲफिडेव्हिट' दुसऱ्याने शोधलं तर फाईलमध्ये सापडत नाही. फोन आणि टॅबवर वेगवेगळ्या मांडण्या वापरणाऱ्यांनी हे तपासून घ्यावं.

इंग्रजीबद्दल फार लिहीत नाही, तिथे दोन्हीकडे सगळं सुरळीत चालतं. स्पेसबारवर बोट सरकवलं की भाषा बदलते. बेंचच्या कामाचे टिपण मी फोनवरच घेतो, टॅब काढायची वेळही येत नाही.

आमच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाईंना यातलं काही पटलेलं नाही. त्यांनी सरकारी टंकलेखन परीक्षा चाळीस शब्दांच्या वेगाने पास केली आहे, बोटं टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेली. मी पट्टीतला शब्द निवडेपर्यंत त्यांची ओळ संपते. ज्याला न बघता टंकलेखन येतं त्याला असल्या कीबोर्डाचा उपयोग नाही, हे त्यांचं म्हणणं मी मान्य करतो. लांब दावे अजून त्यांच्याकडेच जातात. टॅबवर मी करतो ते अर्ज, नोटिसा आणि मसुद्यातल्या दुरुस्त्या, त्याही बाई सुट्टीवर असताना जास्त.

टॅब घ्यायला राजारामपुरीत गेलात तर दुकानातच देवनागरी मांडणी उघडा आणि 'हातकणंगले', 'शेतकऱ्यांच्या', 'न्यायालयाने' हे तीन शब्द लिहून बघा. मग कीबोर्ड तरंगता करून पडदा दुभागा आणि दोन ॲपं शेजारी चालवा. अडखळायला लागलं तर तो टॅब तिथेच ठेवा, दुकानदार कितीही सवलत देत असला तरी.