खोबरेलाचा साबण, बचत गटाची पावडर की दुकानातली वडी?

कोकणात धुण्याचा साबण घरी करावा का, असं कुणी विचारलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते: तेल घरचं आहे का, आणि विहीर कुठे आहे? साबण करायला जमेल का, हा प्रश्न त्यानंतरचा. तो जमतो.

तेलाचा हिशेब आधी करू, कारण बहुतेकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. किलोभर खोबरेल काढायला बाणवली जातीचे दहा-बारा चांगले नारळ लागतात. त्या तेलाचा साबण वाळून सव्वा किलोच्या जरासा वर भरतो. २०२५ मध्ये खोबरेलाचे भाव कुठे गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ते तेल दुकानातून आणून त्याने चादरी धुणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. चांगले नारळ फोडून करणंही तसंच, ते विकून वर्षभराच्या वड्या येतील.

पण ज्यांची वाडी आहे त्यांचं गणित वेगळं. प्रत्येक पाडणीत तडकलेले नारळ निघतात, पावसाने गाठल्यामुळे खोबऱ्याला बुरशी धरते, मागच्या वर्षीचं तेल डब्याच्या तळाशी खवट होऊन पडलेलं असतं. हे खायला चालत नाही, डोक्याला लावावंसं वाटत नाही आणि व्यापारीही नाक मुरडतो. साबणाला मात्र खवटपणाची अडचण नाही. खवट तेलात सुटी झालेली आम्लं असतात, ती कॉस्टिक सोड्याशी (तेलाचा साबण करणाऱ्या जहाल क्षाराशी) उलट लवकर जुळतात. अशा तेलाचा साबण जवळपास फुकटात पडतो, आणि तिथे तो दुकानातल्या वडीला खरोखर हरवतो.

तळणीचं उरलेलं तेल वापरावं का? पुऱ्या-वड्यांचं चालेल, गाळून घ्या. बांगडे तळलेलं नको. साबण होईल, पण त्या साबणाने धुतलेला शर्ट घालून एसटीत बसू नका. सोयाबीन-सूर्यफुलाच्या तेलाचा साबण मऊ राहतो आणि काही महिन्यांत त्यावर नारिंगी ठिपके येतात, म्हणून निम्मं तरी खोबरेल त्यात हवंच. करंजाचं तेलही चालतं; वास उग्र आणि रंग पिवळट, पण गोधड्या-पायपुसण्यांना काय बिघडतं?

आता पाणी. साबणाचं जड पाण्याशी पटत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्याला धरून ठेवतं, पांढरट चिकट साका तयार होतो आणि तो कपड्यातच बसतो. चार-सहा धुण्यांनंतर टॉवेल कडक होतो, पांढरा सदरा करडा दिसू लागतो. जांभ्याच्या कातळातल्या विहिरीचं पाणी बहुधा हलकं असतं, तिथे साबण सुरेख चालतो. खाडीकाठच्या विहिरींचं तसं नाही. मार्गशीर्षात गोड असलेलं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं.

पारख सोपी आहे. बाटलीत अर्ध्यापर्यंत विहिरीचं पाणी घ्या, साध्या साबणाचा (डिटर्जंट वडीचा नव्हे) नखाएवढा तुकडा किसून टाका आणि जोरात हलवा. वर फेसाचा थर आणि खाली जवळजवळ स्वच्छ पाणी राहिलं तर पाणी साबणाचं. दुधासारखं गढूळ होऊन वर दह्याचे कण तरंगले तर धुण्याचा सोडा टाकल्याशिवाय साबणाच्या वाटेला जाऊ नका. ही पारख मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी गुणी असतात.

इथे खोबरेलाची एक खोड सांगायला हवी. त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही फेसतो, म्हणूनच जहाजांवर खोबरेलाचा साबण वापरत. दुसऱ्या तेलांच्या साबणाला हे जमत नाही. पण फेस आला म्हणजे कपडा निघाला असं नाही. मचूळ पाण्यात फेस दिसतो आणि साकाही साठतोच.

करायचा झाला तर

एक किलो खोबरेल, १७५ ग्रॅम कॉस्टिक सोडा, ३५० ग्रॅम पाणी. वाटीने किंवा अंदाजाने नाही, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजूनच. तेल बदललं की कॉस्टिकही बदलतं: करंजाच्या किलोला १३० ग्रॅमच पुरे. खोबरेलाचं माप करंजाला लावलंत तर हाताची सालं निघतील असा साबण होईल.

कॉस्टिक पाण्यात घालायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. द्रावण चटका बसेल इतकं तापतं आणि त्याच्या वाफेने ठसका लागतो, म्हणून हे काम पडवीत किंवा खळ्यात, वाऱ्याकडे पाठ करून. चष्मा, हातमोजे, आणि पोरं-मांजरं घरात. भांडं स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं टोप अजिबात नको, कॉस्टिक त्याला खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. अंगावर थेंब उडाला तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नका, भरपूर पाणी ओता.

द्रावण कोमट झालं की कोमट तेलात ओतून ढवळत राहायचं. आधी तेल वर, पाणी खाली असं दिसतं. मग हळूहळू मिश्रण सायीच्या रंगाचं होतं आणि पळी फिरवली की मागे रेघ राहते. तेव्हा साच्यात. पुढचं लक्ष इथे द्यायचं: खोबरेलाचा साबण पटकन आवळतो. संध्याकाळी ओतून सकाळी सुरी लावली तर वडी कापत नाही, फुटते. चार-पाच तासांनी, अजून ऊब असताना बोट दाबून पाहावं आणि कापून टाकावा. मग महिनाभर हवेशीर फळीवर, एकमेकींना न चिकटवता.

म्हणूनच हंगाम दिवाळी ते शिमगा. साबणातलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे जुलैत केलेल्या वड्या घाम फुटल्यासारख्या ओल्या राहतात. कॉस्टिकही पावसाळ्यात उघडं राहिलं तर पाणी धरून ढेकळं होतं आणि मग वजनाचा काही भरवसा उरत नाही.

घरचा म्हणजे हाताला सौम्य, ही समजूत मात्र सोडा. खोबरेलाचा साबण मळ जसा ओढतो तसा कातडीतला तेलकटपणाही ओढतो. ज्यांच्या हातांना भेगा पडतात त्यांनी धुणं झाल्यावर हाताला कोकमेल चोळायचंच, साबण कुठलाही असो.

बाकीचे

बचत गटाची पावडर घरगुती म्हणून विकली जाते, पण ती साबण नव्हे. अ‍ॅसिड स्लरी (मळ काढणारा मुख्य घटक), सोडा अ‍ॅश, मीठ, थोडा रंग आणि वास असं ते डिटर्जंट असतं. यात कमीपणा काही नाही. अहमदाबादेत १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी घरी डिटर्जंट पावडर करून सायकलवरून विकायला सुरुवात केली, तीच निरमा. डिटर्जंटला जड पाण्याचं वावडं फारसं नसतं, त्यामुळे खाडीकाठच्या घराने साबणाचा खटाटोप करण्यापेक्षा गटाकडून दोन किलो पावडर घ्यावी. आधी चिमूटभर ओल्या तळहातावर चोळून बघा. चुणचुण झाली तर सोडा जास्त पडलाय.

दुकानातली वडी आणि पावडर दोन ठिकाणी निर्विवाद पुढे आहे. एक, इंजिनाचं ऑइल आणि डिझेलचे डाग, म्हणजे होडीवर जाणाऱ्यांचे कपडे. दुसरं, शाळेचे पांढरे गणवेश. चांगल्या पावडरीत मासळीच्या रक्तासारखे डाग फोडणारी एन्झाइम असतात आणि पांढरं चमकवणारं रसायनही असतं. घरच्या साबणात यातलं काही नाही. नीळ द्यावी लागते, आणि रक्ताचा डाग आधी थंड पाण्यात भिजवावा लागतो. गरम पाणी लागलं की तो बसलाच. वॉशिंग मशीन असेल तरी पावडरच बरी, साबणाचा साका ड्रमच्या मागे आणि पाइपात जमतो.

काजूच्या बोंडाचा डाग मात्र कुणालाच दाद देत नाही, त्यासाठी साबण बदलू नका. फणसाचा चीक आधी खोबरेलाने चोळून सोडवावा, मग धुवावा.

रिठ्याबद्दल थोडक्यात. पैठणी, सोवळ्याचं, लोकरीची शाल यांना त्याच्यासारखं दुसरं नाही. रोजच्या घामट, तेलकट कपड्यांना तो पुरत नाही, फिकट कापडावर तपकिरी झाक येते आणि उकळलेलं पाणी दोन दिवसांत आंबतं. शिवाय रिठ्याचं पाणी माशांना विष आहे, ते पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, सोडू नका.

धुण्याचं पाणी माडाच्या आळ्यात जात असेल तर हेही बघावं लागतं. साबण मातीत कुजतो, पण त्यातलं सोडियम राहतं, आणि पावडरीतल्या सोड्याचंही राहतं. आपली माती आंबट आणि पाऊस धो धो, त्यामुळे माडाला सहसा सोसतं. भाजीच्या वाफ्यात किंवा कुंड्यांत मात्र हे पाणी रोज नको. एक दिवस केळींना, एक दिवस माडांना असं फिरवत राहा.

ज्यांचं तेल विकतचं पण हौस दांडगी, त्यांनी पाव किलोपासून सुरुवात करावी: २५० ग्रॅम तेल, ४४ ग्रॅम कॉस्टिक, ८८ ग्रॅम पाणी. पहिली वडी जुन्या चादरीवर चालवून बघा. उरलेलं कॉस्टिक हवाबंद प्लास्टिकच्या बरणीत, वर मोठ्या अक्षरात नाव लिहून, मिठाच्या बरणीपासून लांब आणि कुलपात ठेवा.