अंबाझरीचं जैवविविधता उद्यान: पावसानंतर की शिमग्याच्या तोंडावर?

आपली विदर्भातली झाडं बघायला अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात कधी जावं, असं विचारलं की नागपुरात बहुतेक जण पाऊस संपता संपता जा म्हणतात. मी दोन्ही वेळा गेलो आहे. दोन्ही वेळा आई सोबत होती. ती काटोलकडच्या खेड्यात वाढलेली, त्यामुळे झाडांची नावं मला विचारावी लागतात तिलाच.

भादवा-आश्विनात हा माळ सुंदर दिसतो, ते कबूल. सागाला पांढरे तुरे असतात, वाटेच्या कडेला तरोट्याची पिवळी फुलं, फुलपाखरं. ऊनही सोसवतं. हिरवळ आणि फोटो एवढंच हवं असेल तर तीच वेळ धरा.

माझं मन फिरलं ते कुसळांमुळे. आश्विनात कुसळी गवत पिकलेलं असतं. झाड जवळून बघावं म्हणून वाट सोडून दहा पावलं आत गेलो, तर मोजे, पायजमा, आईच्या लुगड्याचा काठ, सगळं भरून गेलं. कुसळ नुसतं चिकटत नाही, शिरतं. त्याची लांब शेपटी दोरीसारखी पिळलेली असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी टोक थोडं आत सरकतं. बी जमिनीत रुजवायची ही गवताची रीत आहे, पण दवानं ओल्या झालेल्या मोज्यात ती आपल्या पायावर चालते. "हे कुसयं लागले बाप्पा पायाले," म्हणत आई दगडावर बसली ती उठेचना. रात्री घरी सुईनं एकेक कुसळ काढलं, मोजे टाकूनच द्यावे लागले. त्या दिवशी एकाही झाडाच्या बुंध्याला हात लागला नाही.

फाल्गुनात गेलो तेव्हा गवत वाळून बसलेलं होतं. एखादं कुसळ लागलं असेल, आठवत नाही. सागाची पानगळ पायाखाली कुरकुरत होती आणि बुंध्यापर्यंत जाता येत होतं. पळस तर या दिवसांत सांगायलाच नको. अंगावर पान नाही, नुसती केशरी फुलं, आणि त्यांवर मैना-बुलबुलांची झुंबड. पण मला जास्त आवडली ती पान नसलेली झाडं. तेंदूची साल काळी, चौकटी पडलेली. धावड्याची गुळगुळीत, राखी-पांढरी. पानं असताना इकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं. आई म्हणाली, "आता कसं झाड बराबर वयखू येते, पानात सारेच हिरवे." कुसुम कुठे भेटला तर त्याची कोवळी लाल पालवीही याच सुमाराला असते, लांबून फुलंच वाटतात.

उन्हाचं मात्र खरं आहे. मार्चमध्ये नऊनंतर आपलं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर दार उघडताच आत शिरा, नऊला बाहेर पडा, पाणी भरपूर न्या. परिसर साडेसातशे हेक्टरांच्या आसपास आहे, एका सकाळी सगळा बघायचा हट्ट नको. ऊन अजिबात सोसत नसेल तर आश्विनातच जा, पण पक्के बूट घाला आणि वाट सोडू नका. बहाव्यासाठी जायचं असेल तर या दोन्ही वेळा चुकीच्या, त्याला वैशाखच लागतो.

एकदाच जाणं होणार असेल तर मी तरी होळीच्या आधीचा रविवार धरीन. त्यानंतर पळसाची फुलं झाडापेक्षा खालीच जास्त सापडतात. आईनं मागच्या वेळी त्यातलीच ओंजळभर वेचून पदरात बांधून आणली, धुळवडीच्या रंगासाठी.