रीपर आणि रीटिक्युलेट : आठ महिन्यांनंतर, एका अपडेटच्या निमित्ताने

गेल्या मंगळवारी रात्री मी माझ्या स्ट्रिंग्ज लायब्ररीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवायच्या व्हायोलिनसारख्या गजाच्या वाद्यांच्या आवाजांच्या संचाचं, अपडेट टाकलं आणि सकाळी जुनं एक नाटकाचं प्रोजेक्ट उघडलं. जिथं चौदा सेकंद व्हायोलिन्सचा ट्रेमोलो थरथरत राहायला हवा, तिथं एकदाच टुंग् असा पिझिकाटो (तार बोटानं छेडून काढलेला सूर) वाजला आणि पुढं शांतता. दुसरं प्रोजेक्ट उघडलं, तिथं स्पिकाटोच्या, म्हणजे उडत्या गजाच्या तुटक सुरांच्या, जागी गज घोळवल्यासारखा मऊ, धुरकट आवाज. पोटात गोळाच आला. एका वर्षाचं काम आहे त्या फोल्डरमध्ये.

लायब्ररी परदेशी कंपनीची आहे, नाव लिहीत नाही. कंपनीनं सुल तास्तो ही वाजवण्याची नवी तऱ्हा (गज बोटपट्टीच्या वर फिरवून काढलेला मऊ आवाज) दिली, हे चांगलंच केलं. पण ती शेवटी न जोडता मध्येच घुसवली आणि तिच्यापुढचे सगळे की-स्विच, म्हणजे स्वतः न वाजता फक्त तऱ्हा बदलणाऱ्या पट्ट्या, एकेक पट्टी वर सरकवले. आधी मिडीच्या (वाद्यं आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या संदेशांच्या भाषेच्या, तीत प्रत्येक पट्टीला नंबर असतो) २६ नंबरवर स्पिकाटो होता, २७ वर पिझिकाटो, २८ वर ट्रेमोलो. आता २६ वर सुल तास्तो बसला आणि बाकीचे सरकले. अपडेटच्या माहितीत याबद्दल ‘की-स्विचची मांडणी सुधारली’ एवढंच लिहिलेलं. तीन मेल केले. पहिल्याला यांत्रिक उत्तर, दुसऱ्याला ‘जुने प्रोजेक्ट हाताने दुरुस्त करावेत’, तिसऱ्यात मी जुनी आवृत्ती परत मागितली तर ती आता उतरवता येत नाही म्हणे. पैसे मोजून घेतलेली वस्तू आहे. ज्याने त्यावर वर्षभर काम केलंय, त्याला न विचारता तिच्या पट्ट्या हलवायच्या, हे मला अजिबात पटलेलं नाही.

आणि तरीही माझी सगळी प्रोजेक्ट्स चहा गार व्हायच्या आत दुरुस्त झाली. हा सगळा लेख त्यासाठीच आहे.

मी रीपर हे संगीत रेकॉर्ड करायचं आणि रचायचं सॉफ्टवेअर वापरते आणि त्यावर रीटिक्युलेट हे जोड-साधन. रीटिक्युलेट मोफत आहे, मुक्त स्रोत आहे, रीपॅक या रीपरची जोड-साधनं उतरवायच्या सोयीतून मिळतं. काम काय करतं तर तुम्ही पियानो रोलमध्ये (सूर मांडायच्या खिडकीत) की-स्विचचा सूर काढत नाही. त्याऐवजी प्रोग्रॅम चेंज ठेवता. १९८३ पासून मिडीत असलेला, सिंथचा आवाज बदलण्यासाठीचा तोच साधा संदेश. त्या प्रोग्रॅम चेंजला कुठला की-स्विच पाठवायचा, ते एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला बँक म्हणायचं. म्हणजे माझ्या प्रोजेक्टमध्ये फक्त ‘इथं ट्रेमोलो’ एवढंच नोंदलेलं आहे. ट्रेमोलो २८ वर की २९ वर, हे प्रोजेक्टला माहीतच नाही. बुधवारी मी त्या फाइलमध्ये पाच आकडे बदलले, बँका रीलोड केल्या, आणि पंधराच्या पंधरा प्रोजेक्ट्स पूर्वीसारखी वाजायला लागली. सुल तास्तोला मी प्रोग्रॅम नंबर मुद्दाम शेवटचा दिला, ८, म्हणजे १ ते ७ ज्यांचे होते त्यांचेच राहिले. कंपनीनं हेच करायला हवं होतं.

डबल बासची बँक तेवढी वेगळी आहे. त्याची सगळ्यात खालची तार मिडीच्या २८ वरच बोलते, त्यामुळे त्याचे की-स्विच खाली ठेवले तर सूर आणि स्विच एकमेकांच्या अंगावर येतील. माझ्या लायब्ररीत ते वर, ७२ पासून आहेत. तिथंही पाच आकडे बदलावे लागले.

आता आठ महिने मागे. गेल्या जुलैत मी हे सगळं हातानं करायचे. पियानो रोलच्या तळाशी बारीक बारीक सूर, प्रत्येक तऱ्हेच्या आधी एक. गाणं पहिल्यापासून वाजवलं की सगळं ठीक. पण आपण गाणं पहिल्यापासून वाजवतो किती वेळा? राज्य नाट्य स्पर्धेसाठी एका संस्थेचं पार्श्वसंगीत माझ्याकडे होतं. तालीम इथं सोलापुरात, रेल्वे लाइन्समधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये. लॅपटॉप घेऊन मीच बसायचे, कारण दिग्दर्शकांना रोज काहीतरी लांबवायचं-तोडायचं असे. ते म्हणाले, “ताई, आई दार लावते तिथून लावा की.” मी कर्सर तिथं ठेवला, वाजवलं, आणि आईच्या तोंडावर पिझिकाटो. कारण आधी कधीतरी शेवटचा स्विच पिझिकाटोचा झालेला आणि लेगाटोचा (जोडून वाजवायच्या सुरांचा) स्विच कर्सरच्या मागं राहिलेला. वाजून संपलेला सूर रीपर परत जाऊन वाजवत नाही, वाजवणारही नाही, कारण त्याच्या दृष्टीनं तो एक सूर आहे आणि तो होऊन गेला. आईचं काम करणारी मुलगी चक्क थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. त्या प्रसंगावर ती तीन आठवडे मेहनत घेत होती. मला फार लागलं ते.

प्रोग्रॅम चेंजचं तसं होत नाही. मधूनच सुरू केलं तर रीपर मागं बघतो, शेवटचा प्रोग्रॅम चेंज कुठला होता ते शोधतो आणि तो आधी पाठवतो. याला चेसिंग म्हणतात. माझ्यासाठी या सगळ्या मांडणीत हीच एक गोष्ट इतर सगळ्यांपेक्षा मोलाची आहे. बाकी रंगीत बटणं, चिन्हं, पॅनल, काही नसतं तरी चाललं असतं. डिसेंबरात हुतात्मा स्मृती मंदिरात रंगीत तालमीच्या वेळी दिग्दर्शकांनी मला किमान चाळीस वेळा वेगवेगळ्या ठिकाणांहून वाजवायला लावलं. एकदाही व्हायोलिन चुकीच्या तऱ्हेत सुरू झालं नाही. प्रत्येक मिडी आयटमच्या (ट्रॅकवरच्या सुरांच्या तुकड्याच्या) अगदी सुरुवातीला एक प्रोग्रॅम चेंज ठेवायचीच, ही सवय मी लावून घेतली आहे; आयटम तोडला, उचलून दुसरीकडे ठेवला, तरी तो स्वतःची ओळख घेऊन जातो.

आणखी एक फायदा लगेच कळला. गायिकेला पट्टी जमेना म्हणून सगळं निवडून दोन सूर खाली घेतलं, तर पूर्वी की-स्विचही दोन सूर खाली सरकायचे आणि सगळा गोंधळ. प्रोग्रॅम चेंजला पट्टी नसते. तो जागेवर राहतो.

आता ज्या गोष्टीनं माझे दोन दिवस खाल्ले ती. सप्तकांची नावं. लायब्ररीच्या पुस्तिकेत लिहिलेलं, लेगाटो सी-शून्यवर. मी रीपरच्या पियानो रोलमध्ये सी-शून्य शोधला, सूर काढला, काहीच झालं नाही. एक सप्तक खाली गेले, वर गेले, मध्येच लागला, मग वाटलं चुकून लागला. खरी भानगड अशी की मधला सी, म्हणजे मिडीचा ६० नंबर, याला काही ठिकाणी सी-तीन म्हणतात आणि काही ठिकाणी सी-चार. काँटॅक्ट, म्हणजे माझी लायब्ररी ज्यात वाजते ते सॉफ्टवेअर, त्याला सी-तीन म्हणतो. रीपर मूळच्या सेटिंगमध्ये सी-चार म्हणतो. म्हणजे पुस्तिकेतला सी-शून्य हा काँटॅक्टमधला २४ नंबर, आणि तोच २४ रीपरमध्ये सी-एक म्हणून दिसतो. मी रीपरच्या सी-शून्यवर, म्हणजे १२ वर, सूर काढत होते. तिथं ऐकायला कुणीच नव्हतं.

हे मला कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं तर! म्हणून इथं ठासून लिहिते : बँक लिहिताना नावांवर जाऊ नका, नंबरच लिहा. रीटिक्युलेटची बँक नंबरच मागते, आणि मला सुरुवातीला तो त्रास वाटला होता. आता वाटतं की हेच बरोबर आहे. ० ते १२७ हे आकडे जगात सगळीकडे तेच आहेत. रीपरच्या प्रेफरन्समध्ये सप्तकांची नावं सरकवायची सोय आहे, मी ती करून घेतली, म्हणजे निदान डोळ्यांना काँटॅक्ट आणि रीपर सारखे दिसतात. सकाळी मुलांना की-बोर्ड शिकवते तिथंही आता मी ‘मधला सी’ म्हणते, आकडा जोडत नाही.

बँक लिहायची कशी, तर प्रत्येक तऱ्हेला दोन ओळी. पहिलीत रंग, चिन्ह आणि कुठला सूर पाठवायचा. दुसरीत प्रोग्रॅम नंबर आणि नाव. मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच लायब्ररींच्या बँका सोबत तयारच येतात, माझी त्यात नव्हती म्हणून हातानं लिहावी लागली. पहिली बँक लिहायला मला एक दुपार लागली, पुढच्या वीस मिनिटांत झाल्या. नावं मी मराठीत दिली आहेत. लेगाटोला ‘जोड’, सस्टेनला ‘लांब’, स्पिकाटोला ‘उडता गज’, पिझिकाटोला ‘बोट’. घाईत असताना डोळा इंग्रजी नावांवर अडखळतो, यांच्यावर अडखळत नाही. पॅनलमध्ये त्या नावावर उजवी क्लिक केली की कर्सरच्या जागी प्रोग्रॅम चेंज बसतो आणि पियानो रोलच्या खालच्या पट्टीत तेच नाव दिसतं. महिन्यानं प्रोजेक्ट उघडलं तरी वाचता येतं, हे बुधवारी फार कामाला आलं.

ऑक्टोबरपर्यंत माझं ठाम मत होतं की एका वाद्याला एकच ट्रॅक आणि सगळ्या तऱ्हा त्याच्यावर. त्याआधी प्रत्येक तऱ्हेला वेगळा ट्रॅक करून बघितला होता. पाच वाद्यं, सात तऱ्हा, पस्तीस ट्रॅक. माझ्या सोळा जीबी रॅमच्या मशीनची त्यात दमछाक झाली. आमच्या साखर पेठेत दुपारी वीज गेली की यूपीएसवर वीस मिनिटं मिळतात, आणि त्यातली चार फक्त प्रोजेक्ट उघडण्यात जायची. एक ट्रॅक, एक बँक, हेच खरं, असं मी दोघा-तिघांना सांगूनही टाकलं होतं.

ते मत आता अर्धं बदललंय. कारण लेगाटोचा उशीर. लेगाटोत एका सुरातून दुसऱ्यात जाण्याचं खरं रेकॉर्डिंग असतं, त्यामुळे नवा सूर कानाला लागेपर्यंत वेळ जातो. माझ्या लायब्ररीत मी मोजला, साधारण १८० मिलिसेकंद. स्पिकाटोचा तोच वेळ ६० च्या आसपास. रीपरमध्ये ट्रॅकला ऋण प्लेबॅक ऑफसेट देता येतो, म्हणजे तो तेवढा आधी वाजायला लावता येतो, पण तो अख्ख्या ट्रॅकचा. १८० दिला तर स्पिकाटो तालाच्या पुढं पळतो, ६० दिला तर लेगाटो लंगडतो. सूर एकेक करून मागं ओढत बसले महिनाभर, आणि हे काम माणसाचं नाही असं ठरवलं. आता प्रत्येक वाद्याचे दोन ट्रॅक आहेत. पहिला, गज लांब चालतो त्या तऱ्हांचा, ऑफसेट १८०. दुसरा स्पिकाटो आणि पिझिकाटोचा, ऑफसेट ६०. दोन्हींवर बँक तीच. पस्तीसऐवजी दहा ट्रॅक. ट्रेमोलो कुठं ठेवायचा यावर अजून मी अधूनमधून फिरते, सध्या तो लांबच्यात आहे.

पुष्कळ वर्षं व्हायोलिन वाजवलेले एक काका शेजारच्या गल्लीत राहतात. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा, त्यांना एक तुकडा ऐकवला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “गज कुठं बदलला गं? एवढा लांब गज कुणाकडं असतो?” मी सगळे सूर एकमेकांवर चढवून ठेवले होते, कारण सूर एकमेकांवर चढले तरच लेगाटो लागतो. त्यांनी स्वतःचं व्हायोलिन काढलं, तोच तुकडा वाजवला आणि हातानंच दाखवलं : इथं गज खाली, इथं वर, इथं संपला. त्या तीन जागी मी सूर थोडा आधी सोडला, म्हणजे पुढचा सूर लेगाटोनं न येता नव्यानं गज टेकवून येतो. एक प्रोग्रॅम चेंजही बदलला नाही आणि सगळा तुकडा श्वास घ्यायला लागला. तऱ्हा बदलण्याची यंत्रणा कितीही नेटकी बसवली तरी हे ज्ञान फाइलमध्ये नसतं. ते काकांच्या मनगटात आहे.

खर्चाचं सांगते. रीपरचा सवलतीचा परवाना ६० डॉलर, वर्षाची कमाई २०,००० डॉलरच्या आत असेल तर हाच चालतो. मी आधी साठ दिवस पूर्ण चालणारी चाचणी वापरली. परवाना दोन मोठ्या आवृत्त्यांना पुरतो. अशीच सोय दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही आहे. क्यूबेसमध्ये एक्स्प्रेशन मॅप आहेत, २००९ पासून. लॉजिकमध्ये आर्टिक्युलेशन सेट २०१८ मध्ये आले, पण त्याला ॲपलचं मशीन हवं. स्टुडिओ वनमध्ये २०२१ पासून साउंड व्हेरिएशन्स आहेत. ज्यांच्याकडे ते आधीच आहेत त्यांनी तेच वापरावं, तत्त्व एकच आहे. तऱ्हा बदलायला टचस्क्रीन घ्या असं मला अनेकांनी सुचवलं. मी घरातला जुना छोटा कॅसिओ जोडला, त्याच्या खालच्या सात पट्ट्या रीटिक्युलेटच्या आदेशांना बांधल्या आणि त्यांच्यावर कागदी चिकटपट्टीनं नावं लावली. डाव्या हाताला तो, उजव्या हाताला मोठा की-बोर्ड.

कंपनीशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. जुनी आवृत्ती मिळेल अशी आशा नाही, पण पुढच्या वेळी नवी तऱ्हा यादीच्या शेवटी जोडा, हे मी त्यांना नकाशासकट लिहून पाठवलंय. तोवर बँकांच्या फाइल्सची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक बहिणीच्या लॅपटॉपवर ठेवली आहे. उद्यापासून वुडविंड्सची (बासरी-क्लॅरिनेटसारख्या वाद्यांची) बँक लिहायला घेते.