पानगळीत घर दाखवणाऱ्या एजंटबाई

उन्हाळाभर घरं बघून जीव मेटाकुटीला आला होता. जिथे जावं तिथे गर्दी आणि घाई. पानगळ लागली तशी गर्दी ओसरली आणि या बाईंनी एकच घर 3 वेळा निवांत दाखवलं. दिवस लहान झालेले, म्हणून दुपारी 4 च्या आत. दुसऱ्या खेपेला पाऊस होता. पन्हळ पानांनी तुंबलेली, पाणी भिंतीवरून ओघळत होतं आणि खाली वीतभर ओल चढली होती. ती त्यांनीच बोट ठेवून दाखवली! दुरुस्तीचा खर्च वजा करूनच भाव ठरला. तिसऱ्यांदा मुद्दाम रविवारी नेलं. शेजारी मिळून रस्त्यावरची पानं झाडत होते; मीही खराटा घेतला, तासाभरात निम्मी गल्ली ओळखीची झाली. कागदपत्रांसाठी मात्र दोनदा फोन करावा लागला.